ज्ञानाची साक्ष कोणी द्यावी?

आश्विनातील अमावास्येची रात्र सर्वांची एकच असते; परंतु त्या रात्री उजळलेल्या दिव्यांचा अर्थ सर्वांच्या घरी एकच असतो असे नाही. वाशीमच्या बाजारपेठेत व्यापारी त्या सायंकाळी वहीखात्यांवर हळदकुंकू वाहून लक्ष्मीचे पूजन करतो. कारंज्याच्या जिनमंदिरांत त्याच दिवशी पहाटे निर्वाणलाडू अर्पण केला जातो, कारण भगवान महावीर याच तिथीस पावापुरी येथे निर्वाणास गेले अशी जैनांची श्रद्धा आहे. मानोऱ्याकडील तांड्यांवर बंजारा समाजाच्या कुमारिका हाती दिवे घेऊन घरोघरी 'मेरा' मागावयास निघतात. तिथी एकच, अंधारही एकच. मात्र त्या अंधारात कोणी समृद्धी पाहतो, कोणी मोक्ष पाहतो, तर कोणी आपल्या तांड्याचे कुशल चिंतितो.

दिवा हे ज्ञानाचे प्रतीक होय, असे आपण सणासुदीस सहज म्हणून जातो. परंतु ज्ञान म्हणजे काय, ते झाले हे ओळखावे कसे, आणि ते ज्याला झाले त्याच्याखेरीज इतरांना त्याचा उपयोग कोणता, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वेदान्ती त्याला आत्मज्ञान म्हणतो, भक्त साक्षात्कार म्हणतो, जैन केवलज्ञान म्हणतो, बौद्ध बोधी म्हणतो, सूफी मारिफत म्हणतो. हे सारे शब्द एकाच वस्तूची निरनिराळी नावे आहेत असे समजून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते तसे करणे हा त्या त्या परंपरेवर अन्यायच ठरेल. प्रत्येकीचे उत्तर वेगळे आहे, आणि ते वेगळेपण समजून घेण्यातच आपला लाभ आहे.

यासाठी दूर हिमालयात जावयास नको. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला, वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा आपल्या पुढ्यात आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणाऱ्या या भूमीत ज्ञानाविषयीची इतकी भिन्न उत्तरे शेजारीशेजारी नांदत आली आहेत की, या दीपोत्सवात त्यांपैकी काहींचे स्मरण करणे उचित ठरेल.

मातेच्या उंबरठ्याशी थांबलेले ज्ञान

आरंभ कारंज्यापासून करू. दत्तसंप्रदायाच्या श्रद्धेप्रमाणे दत्तात्रेयांचे दुसरे अवतार श्रीनृसिंहसरस्वती यांचे हे जन्मस्थान. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, परंपरेच्या गणनेप्रमाणे शके १३०० च्या सुमारास, माधव आणि अंबा या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. सरस्वती गंगाधर यांच्या 'गुरुचरित्र' ग्रंथातील त्यांच्या बालपणाची कथा मराठी घरांत शतकानुशतके वाचली जात आहे. हे बालक जन्मतःच ओंकार उच्चारीत होते; पण त्यापलीकडे एक अक्षर बोलेना. मूल मुके निपजले म्हणून आईबाप कष्टी झाले. पुढे मुंज लागली, मातेने भिक्षा घातली आणि त्या क्षणी मुलाच्या मुखातून वेद प्रकट झाले.

या कथेतील चमत्कारावर भाविकांची दृष्टी खिळते. आमचे लक्ष मात्र त्यानंतरच्या प्रसंगाकडे जाते. वेद बोलू लागलेल्या त्या बालकाने लगेच संन्यासासाठी निघण्याची अनुज्ञा मागितली. ज्या मुलाच्या तोंडचा एक शब्द ऐकावा म्हणून सात वर्षे जीव टांगणीला लावला, तो बोलू लागताच घर सोडावयास निघाला! अंबामाता शोकाकुल झाली. तेव्हा ज्ञानी पुत्राने तिला बोध तर केलाच, पण तिच्या विनवणीस मान देऊन तिला आणखी पुत्र होईपर्यंत तो घरी थांबला. पुढे काशीस जाऊन त्याने संन्यास घेतला. आणि दीर्घ काळानंतर यतिवेषात तो पुन्हा कारंज्यास आला, मातापित्यांना भेटला. औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर या पुढील क्षेत्रांची कीर्ती मोठी. परंतु त्या वाटेचा पहिला टप्पा आईचा उंबरठा होता, हे कारंजे आपणास विसरू देत नाही.

दत्तभक्ताच्या दृष्टीने ज्ञान ही मिळवावयाची वस्तू नव्हे. ते आतच असते, योग्य वेळ येईतो मौन पाळते आणि गुरूच्या रूपाने प्रकट होते. शिष्याचे काम शरण जाण्याचे. परंतु त्या ज्ञानाचा पहिला हक्कदार कोण, असे विचारले तर ही कथा सांगते की, ज्याच्या ज्ञानामुळे जिचे घर रिते होणार, ती माता.

ममतेचा अखेरचा अडसर

याच कारंज्यात दुसरे एक उत्तर तितकेच प्राचीन आहे. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या दिगंबर जैन परंपरांची मंदिरे आणि भट्टारकांच्या गाद्या येथे होत्या, आणि त्यांच्या भांडारांत संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश ग्रंथांची हस्तलिखिते जिवापाड जपली गेली. विसाव्या शतकात या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष गेले. डॉ. हिरालाल जैन, डॉ. प. ल. वैद्य यांच्यासारख्यांनी संपादिलेले अपभ्रंश ग्रंथ कारंज्याच्या ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला मुनी रामसिंहांचा 'पाहुडदोहा' हा ग्रंथ १९३३ सालचा. बाह्य आचार आणि कोरडे पांडित्य यांपेक्षा देहातील आत्म्याची ओळख श्रेष्ठ, हा त्याचा गाभा. हस्तलिखितांच्या पेट्यांनी भरलेल्या गावातून, केवळ ग्रंथ वाचून मनुष्य तरत नाही असे सांगणारा ग्रंथ छापला जावा, यात एक प्रकारचे औचित्यच आहे.

जैन दृष्टीने आत्मा मुळातच ज्ञानमय आहे. कर्मांचे आवरण त्यावर चढलेले असते. ते तपाने, संयमाने गळून पडले की अमर्याद ज्ञान आपोआप प्रकाशते. तेथे कोणाची कृपा नाही, वरदान नाही. ज्याने त्याने आपले आवरण आपणच दूर करावयाचे. १९१८ साली कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल स्थापन झाले. त्याचे संस्थापक देवचंदजी पुढे समंतभद्र महाराज म्हणून विख्यात झाले. व्याकरण, गणिताबरोबर संयमाचीही दैनंदिनी असावी, हा त्या गुरुकुलाचा विचार याच तत्त्वज्ञानातून आला होता.

दीपावलीशी निगडित असलेली गौतम गणधरांची कथा या दृष्टीने फार मार्मिक आहे. इंद्रभूती गौतम हे महावीरांचे पट्टशिष्य. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांना केवलज्ञान झाले. यांना मात्र होईना. विद्वत्ता होती, तप होते, सेवा होती. अडसर एकच उरला होता, आणि तो म्हणजे प्रत्यक्ष महावीरांविषयीची ममता. महावीरांचे निर्वाण झाल्याचे कळताच गौतम आधी विलाप करू लागले आणि मग त्यांना आपल्या विलापाचे मूळ उमगले. ती ममता गळाली आणि त्यांना केवलज्ञान झाले. काही परंपरा हे त्याच सायंकाळी घडले असे मानतात, काही दुसऱ्या दिवशीच्या पहाटे. धन सोडणे कठीण, मान सोडणे त्याहून कठीण. पण 'माझा गुरू' यातील 'माझा' सोडणे सर्वांत कठीण, असा या कथेचा आशय आहे.

शिरपूरचे बंद दार

हा आशय मनात ठेवून मालेगाव तालुक्यातील शिरपूरला जावे. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही जैन पंथांना परमवंदनीय आहे. एलिचपूरच्या एल राजाचा कुष्ठरोग येथील जलाने बरा झाला, आणि त्या काळी मूर्तीखालून घोडेस्वार जाऊ शकेल इतकी ती अधांतरी होती, अशी आख्यायिका आहे. भूमीचा आधार न घेणारा देव ही कल्पना करणाऱ्या मनाची उंची आपण ओळखली पाहिजे. ज्याला कशाचाच आश्रय उरला नाही, तो मुक्त.

परंतु त्या निराश्रित देवाच्या स्वामित्वावरून भक्तांत वाद निर्माण झाला. १९०५ साली दोन्ही पंथांनी पूजेचे वेळापत्रक ठरवून घेतले. ते टिकले नाही. १९१० साली प्रकरण न्यायालयात गेले आणि १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. तरीही तंटा मिटला नाही. अखेर १९८१ साली मंदिराला कुलूप लागले. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ भाविक लहानशा झरोक्यातून दर्शन घेत राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली दार उघडले. पण दार उघडल्याबरोबर मनेही उघडली असे झाले नाही.

यात कोणाची बाजू न्याय्य याचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे, आणि तो अधिकारही आमचा नव्हे. दोन्ही बाजूंच्या श्रद्धेविषयी आम्हास शंका नाही. किंबहुना श्रद्धा नसती तर कुलूपही लागले नसते, हेच या प्रकरणातील दुःख आहे. ज्या दिवशी गौतमांनी 'माझा' हा शब्द टाकला, तो दिवस दोन्ही पंथ दीप लावून साजरा करतात. त्या काळात जन्मलेले शिरपूरचे एखादे मूल देवाचे दार उघडे कधी न पाहताच चाळिशी ओलांडून गेले असेल. ज्ञानाच्या वाटेवर सर्वांत मोठा अंधार अज्ञानाचा असतो असे आपण मानतो. शिरपूर दाखविते की, भक्तीच्या सावलीचाही अंधार पडतो.

सुंदरीचे अश्रू आणि नागपूरची वाट

आता प्रत्यक्ष वाशीम. प्राचीन काळचे हे वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे उपलब्ध झालेल्या विंध्यशक्ती द्वितीय याच्या ताम्रपटाने या शाखेच्या इतिहासावर मोठाच प्रकाश पडला. याच शाखेचा पाचव्या शतकातील राजा हरिषेण. त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून भिक्षुसंघास अर्पण केले. तेथील शिलालेखात या राजकुळाची वंशावळ आहे. म्हणजे अजिंठ्याच्या वैभवाचा एक धागा सरळ वाशीमशी बांधलेला आहे.

त्या सोळाव्या लेण्यात एक विख्यात चित्र आहे. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद प्रव्रज्या घेतो आणि त्याचा मुकुट परत आलेला पाहून त्याची पत्नी सुंदरी मूर्च्छित होते. मान कलंडलेली, डोळे मिटत चाललेले, भोवती व्याकूळ झालेल्या सख्या. भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेल्या लेण्यात भिक्षू होणाऱ्याच्या पत्नीचे दुःख इतक्या करुणेने रंगविले जावे, ही साधी गोष्ट नव्हे. चित्रकाराने नंदाचा त्याग नाकारला नाही, आणि त्या त्यागाची किंमत कोणी मोजली तेही लपविले नाही. कारंज्याची अंबामाता आणि अजिंठ्याची सुंदरी या दोघींना एकमेकींचे दुःख सांगावे लागले नसते.

बौद्ध दृष्टीने बोधी म्हणजे दुःखाचे कारण यथार्थपणे दिसणे आणि त्याचा निरोध साधणे. परंतु विसाव्या शतकात या शब्दाला विदर्भाच्या भूमीत नवा अर्थ लाभला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लक्षावधी अनुयायांना दिली. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून माणसे मिळेल त्या वाहनाने आणि पायी तेथे गेली. त्यांच्या दृष्टीने बोध हा ध्यानगुहेतील अनुभव नव्हता. आपण जन्माने हीन आहोत, हे पिढ्यान् पिढ्या बिंबविलेले असत्य आहे, असे एका सकाळी उमगणे, हा तो बोध. पाणवठ्यावर ज्याला दूर उभे केले जाई, त्याला स्वतःच्या मनुष्यत्वाचा झालेला साक्षात्कार कोणत्याही समाधीहून उणा मानता येईल काय? आम्हास तसे वाटत नाही. मात्र तो साक्षात्कार खऱ्या अर्थाने पूर्ण झाला की नाही, याचे उत्तर दीक्षा घेणाऱ्याकडे नसून त्याच्या गावाकडे असते. त्याने डोळे उघडले. गावाने उघडले काय?

पीर, नाथ आणि भाया

मंगरुळपीर या गावाच्या नावातच पीर आहे. हयात कलंदर यांचा दर्गा येथे आहे आणि बिरबलनाथ महाराजांचे स्थानही येथेच आहे. कलंदर म्हणजे ज्याने लौकिकाची फिकीर सोडली तो फकीर. सूफींच्या मते ईश्वराची ओळख बुद्धीने होत नाही. प्रेमात स्वतःचे भान हरपले म्हणजे उरते ती त्याचीच ओळख. नाथपंथी योगी हीच गोष्ट देहाच्या साधनेतून साधू पाहतो. दर्ग्यात नवस बोलणारा प्रत्येक जण मुसलमान असतो असे नाही, आणि असे का, याचे शास्त्रार्थ तो देत बसत नाही. आपल्या दुःखाचा भार जेथे हलका झाला, तेथे ज्ञान आहे, असे त्याचे साधे गणित असते. विद्वानांना ते भाबडे वाटेल. पण संतांची परीक्षा खेड्यांनी बहुधा याच मापाने केली आहे.

अखेरीस मानोरा तालुक्यातील पोहरादेवी. देशभर विखुरलेल्या बंजारा समाजाची ही काशी. जगदंबेचे हे स्थान आणि संत सेवालाल महाराजांची समाधी यांच्या दर्शनास रामनवमीच्या यात्रेत दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये येथे नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालयही उघडले. सेवालाल महाराजांचा जन्म १७३९ सालचा, आजच्या आंध्र प्रदेशातील अनंतपूर भागातला, आणि अंत १८०६ सालचा. ते ना पंडित होते, ना मठाधिपती. भीमा नायकाच्या तांड्यातील हा मुलगा गुरे राखीत असे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून अवघा मुलूख पायी तुडविणाऱ्या लोकांना स्थिर मंदिर नव्हते, पोथी नव्हती. त्यांचे ज्ञान चालत होते.

या समाजाने आपल्या संताला जे नाव दिले, त्यातच त्यांचे उत्तर सामावले आहे. ते त्यांना 'सेवाभाया' म्हणतात. भाया म्हणजे भाऊ. गुरू उंच आसनावर बसतो, देव गाभाऱ्यात असतो. भाऊ मात्र बरोबरीने चालतो, रात्री तांड्याबरोबर मुक्काम करतो. आधी जाणून घ्या, मग पारखून घ्या आणि पटले तरच माना, अशा आशयाची शिकवण त्यांच्या नावे तांड्यातांड्यांत सांगितली जाते. शरण जाण्याचा उपदेश करणारे संत पुष्कळ. मलाही पारखून घ्या असे सांगणारा संत विरळा. पुढे ब्रिटिश राजवटीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातील अनेक भटक्या समूहांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि बंजारांच्या काही गटांनाही त्याची झळ पोहोचली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या अपमानाच्या काळात समाजाला ताठ ठेवणाऱ्या गोष्टींत या भायाची आठवण होती.

साक्षीदार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दत्तभक्ताच्या मते ज्ञान आतून प्रकट होते. जैनाच्या मते आवरण गळल्यावर ते प्रकाशते. बौद्धाच्या मते यथार्थ दर्शनाने दुःख संपते. सूफीच्या मते 'मी' विरघळतो. बंजारा म्हणतो, जो वाट दाखवील आणि बरोबर चालेल तो ज्ञानी. ही उत्तरे एकमेकांत मिसळून टाकण्याचा आमचा आग्रह नाही. वाटा निरनिराळ्या आहेत आणि त्या तशाच राहोत.

परंतु या सर्व कथांत एक गोष्ट आम्हास समान दिसते. ज्ञान झाल्याची साक्ष ज्ञानी पुरुष स्वतः देत नाही. ती त्याच्या भोवतालची माणसे देतात. नृसिंहसरस्वतींच्या ज्ञानाची पहिली साक्ष थांबविलेल्या पावलांनी अंबामातेला मिळाली. नंदाच्या प्रव्रज्येचा हिशेब सुंदरीच्या चेहऱ्यावर लिहिला गेला. शिरपूरच्या भक्तीची साक्ष तेथील दाराला द्यावी लागली. १९५६ च्या बोधाची साक्ष प्रत्येक गाव आपल्या पाणवठ्यावर रोज देत आहे. आणि सेवालालांची साक्ष तांड्याने एका 'भाया' या शब्दात देऊन टाकली.

दर आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरीस निघते, ती याच जिल्ह्यातून, शिरपूर-रिसोडच्या वाटेने जाते. वाटेवरची गावे वारकऱ्यांना पाणी देतात, भाकरी देतात, पाय चेपावयास पुढे येतात. त्या वेळी कोणी कोणास तू ज्ञानी की अज्ञानी असे विचारीत नाही. पेरणी उरकलेला शेतकरी आणि शिवारातून थेट आलेली शेतमजूर स्त्री या दोघांना केवलज्ञान, बोधी, मारिफत यांतील भेद ठाऊक नसेल. पण थकलेल्याला पाणी दिले पाहिजे हे त्यांना ठाऊक असते, आणि ते कोणा ग्रंथाने शिकविले असे त्यांना स्मरतही नाही.

म्हणून या अमावास्येस दिवा लावताना एक प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावा असे आम्हास वाटते. माझ्या पूजेने, माझ्या व्रताने, माझ्या वाचनाने माझ्या घरातील माणूस सुखावला की दुरावला? शेजाऱ्याचे दार माझ्यामुळे उघडले की बंद झाले? दिवा आपण आपल्या उंबऱ्यावर लावतो खरा. परंतु त्याचा उजेड अंगणापलीकडील वाटेवरही पडतो, आणि त्या वाटेने जाणाऱ्याला ठेच लागली नाही म्हणजे तो दिवा पुरेसा होता असे समजावे. ही दीपावली सर्व वाचकांस तशा उजेडाची जावो.